एका दिवसात १७ बळी, आणि त्याखेरीज बरंच काही : केंटचा कॉलिन ब्लाईथ

पायचीत (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

इंग्लंडच्या डावखुऱ्या फिरकीचा विषय निघाला की ऱ्होड्स, व्हेरिटी, अंडरवूड ही नावं ओघानेच येतात. कॉलिन ब्लाईथचं नाव आलंच तर दोन वाक्यांपुरतं: नॉर्थम्प्टनला एका दिवसात १७ बळी घेतले, आणि १९१७ साली पहिल्या महायुद्धात बेल्जियममध्ये मारला गेला. दोन्ही खरं आहे, पण त्यात त्याची कारकीर्द कुठे आहे? १८९९ ते १९१४ एवढी वर्षं हा माणूस मे ते ऑगस्ट जवळपास रोज केंट या इंग्लंडमधल्या काउंटीच्या (परगण्याच्या) संघासाठी चेंडू टाकत होता. त्याबद्दल लिहावं म्हणून हा धागा.

ब्लाईथ ३० मे १८७९ रोजी डेप्टफर्डला जन्मला. लंडनच्या आग्नेयेला थेम्सकाठची गोदी-कारखान्यांची, कामगारांची वस्ती. घरात तेरा भावंडं आणि हा सगळ्यांत थोरला. मोठा झाल्यावर वुलिचच्या शस्त्रास्त्रांच्या कारखान्यात उमेदवारीला लागला. जुलै १८९७ मध्ये ब्लॅकहीथच्या रेक्टरी फील्डवर केंट आणि सॉमरसेटचा सामना होता. मैदानावर फारशी गर्दी नव्हती. केंटच्या वॉल्टर राइटला सरावासाठी कुणीतरी चार चेंडू टाकणारं हवं होतं, त्याने कडेला उभ्या असलेल्या या पोराला बोलावलं. ते विल्यम मॅककॅनलिसच्या नजरेस पडलं. हा मॅककॅनलिस जुना केंटचा खेळाडू. त्याच वर्षी टनब्रिजला केंटने तरुण प्रोफेशनल खेळाडू घडवायची शाळा सुरू केली होती, तिचा तो गुरुजी. ब्लाईथची रवानगी थेट तिकडे झाली.

ऑगस्ट १८९९ मध्ये टनब्रिजलाच यॉर्कशायरविरुद्ध त्याचा पहिला प्रथम श्रेणी सामना झाला आणि पहिल्याच चेंडूवर फ्रँक मिचेलचा त्रिफळा उडाला. त्या मोसमात फक्त १४ बळी, पुढच्या मोसमात ११४. मग १९०१ ला ९३, आणि १९०२ पासून १९१४ पर्यंत एकही मोसम शंभराच्या खाली नाही. १९०९ ला तर २१५. एकूण प्रथम श्रेणीत २५०३ बळी, सरासरी १६.८१, डावात पाच किंवा जास्त बळी २१८ वेळा.

गोलंदाजी कशी होती? धाव अगदी चार पावलांची. चेंडू सोडण्याआधी डावा हात पाठीमागे जायचा, त्यामुळे फलंदाजाला पकड दिसायची नाही. चेंडूला उंची भरपूर, फलंदाजाला पुढे ओढून फसवायचा. आणि मधूनच एक चेंडू वेगात, न वळता, हवेतूनच उजव्या फलंदाजाच्या पायाकडे आत यायचा. आज आपण ज्याला आर्म बॉल म्हणतो तो याच्याकडे चांगलाच धारदार होता. मारा खाल्ला तरी हा चेंडूची उंची कमी करत नसे, उलट आणखी वर टाकायचा. धावा थांबवण्यासाठी चेंडू टाकायचा म्हणजे काय हे त्याला बहुधा ठाऊकच नव्हतं.

आता नॉर्थम्प्टन. ३० मे १९०७ ला, म्हणजे त्याच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवसाला, सामना सुरू झाला. पावसाने बराच खेळ खाल्ला. केंटच्या २५४ झाल्या. शनिवारी, १ जूनला, खेळपट्टी वाळायला लागली आणि नॉर्थम्प्टनशायरचे दोन्ही डाव त्या एका दिवसात आटोपले: ६० आणि ३९. ब्लाईथ पहिल्या डावात ३० धावांत १०, दुसऱ्यात १८ धावांत ७. एकूण ४८ धावांत १७. एका दिवसात १७ बळी त्यानंतर फक्त दोघांना जमले, १९३३ साली हेडली व्हेरिटीला आणि १९३९ साली टॉम गॉडर्डला, आणि दोघांनीही धावा बऱ्याच जास्त दिल्या.

लोक इथे थांबतात. माझ्या लेखी त्याच उन्हाळ्यातला लीड्सचा कसोटी सामना याहून मोठा. समोर दक्षिण आफ्रिका, त्यांच्याकडे व्होगलर, श्वार्ट्झ, फॉकनर आणि व्हाइट असे चार गुगलीवाले, आणि इंग्लंड पहिल्या डावात ७६ वर गारद (फॉकनर १७ धावांत ६). ब्लाईथने त्यांना ११० वर गुंडाळलं, ५९ धावांत ८. दुसऱ्या डावात इंग्लंड १६२. आफ्रिकेला १२९ हव्या होत्या, झाल्या ७५. ब्लाईथ ४० धावांत ७. सामन्यात ९९ धावांत १५ बळी आणि इंग्लंड ५३ धावांनी विजयी. तीन कसोटींच्या त्या मालिकेत हा एकच सामना निकाली झाला, म्हणजे मालिका त्याने एकट्याने जिंकून दिली म्हटलं तरी चालेल. सामना संपला तेव्हा तो पार गळून गेला होता.

आणि इथेच त्याच्या कारकिर्दीतली खरी मेख आहे. ब्लाईथला फिट्स यायच्या. मोठ्या सामन्याचा ताण त्याला अक्षरशः आजारी पाडायचा. १९०९ साली एजबॅस्टनला ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने ११ बळी घेतले, उरलेले नऊ जॉर्ज हर्स्टने. दोन डावखुऱ्यांनी मिळून वीसच्या वीस! पण पुढच्या लॉर्ड्सच्या कसोटीला ब्लाईथ नव्हता, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती. मँचेस्टरला परत आला आणि एका डावात ५ काढले. मार्च १९१० मध्ये केपटाउनला ४६ धावांत ७ आणि ५८ धावांत ३ असे १० बळी घेतले, बरोबर शंभरावर पोहोचला, आणि त्यानंतर एकही कसोटी खेळला नाही. १९ कसोटी, १०० बळी, सरासरी १८.६३. वय तेव्हा तीस.

केंटसाठी मात्र आणखी पाच मोसम शंभराच्या वर बळी घेतच राहिला. केंट १९०६, १९०९, १९१० आणि १९१३ असं चारदा काउंटी विजेता झालं, त्या चारही संघांत ब्लाईथ होता.

माझं म्हणणं थोडक्यात असं की त्याला 'फक्त १९ कसोटी खेळलेला' किंवा 'युद्धाने हिरावलेला' असं मोजणं चुकतं. काउंटी हीच त्याची नोकरी होती आणि तोच त्याचा खेळ. कसोटी हे अधूनमधून येणारं, प्रकृतीला न झेपणारं जादा काम. तुम्हाला काय वाटतं?

सिलीपॉइंट

लेख आवडला, पण सरासऱ्यांवर फार भाळू नका. तेव्हा खेळपट्ट्या झाकत नसत. रात्री पाऊस, सकाळी ऊन, की डावखुऱ्या फिरकीवाल्याची दिवाळी. चेंडू मऊ मातीत रुतायचा आणि उसळून वळायचा. त्यावर १६ ची सरासरी म्हणजे आजची २५ समजा. १७ बळींचंही तेच. आणि नॉर्थम्प्टनशायर म्हणजे कोण? चॅम्पियनशिपमध्ये १९०५ ला आलेला नवखा संघ. १९०७ च्या त्याच जून महिन्यात, ब्लाईथनंतर दहा दिवसांनी, ग्लूस्टरला ते १२ धावांत सर्वबाद झाले. बारा! काउंटी चॅम्पियनशिपमधली ती आजवरची नीचांकी धावसंख्या आहे.

खडूस दादरकर

सिलीपॉइंट, त्या १२ धावांच्या सामन्यात गोलंदाज कोण होता तेही सांगा की. जॉर्ज डेनेट. तोही डावखुरा मंदगती. पहिल्या डावात ९ धावांत ८, दुसऱ्या डावात १२ धावांत ७. सामन्यात २१ धावांत १५ बळी, आणि एवढं करून सामना अनिर्णित, कारण नॉर्थम्प्टनशायर ७ बाद ४० असताना पावसाने खेळ बंद पाडला. नशीब बघा.

या डेनेटने प्रथम श्रेणीत दोन हजारांवर बळी घेतले आणि एकही कसोटी खेळला नाही. का? तर पुढे ऱ्होड्स आणि ब्लाईथ.

आता मला सांगा, हे वाचून आपल्या पॅडीची आठवण कुणाला झाली नाही? पद्माकर शिवलकर, ५८९ प्रथम श्रेणी बळी, सरासरी २० च्या आत, एकही कसोटी नाही, कारण पुढे बेदी. आम्ही शिवाजी पार्कातली माणसं यावर मरेपर्यंत भांडणार.

अंजनी के.

दादरकर, झाली हो आठवण. आणि गंमत म्हणजे शिवलकर गायचे, ब्लाईथ व्हायोलिन वाजवायचा. ब्लाईथचं वाजवणं नुसतं हौसेपुरतं नव्हतं, चांगल्यापैकी वाजवायचा असं सगळीकडे वाचायला मिळतं. डावखुरे फिरकीवाले आणि सूर यांचं काही नातं असावं का, हा स्वतंत्र धागा होईल.

पायचीत, तुमच्या लेखातला आजारपणाचा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटला, त्यावर आणखी लिहायला हवं होतं. फिट्सचा त्रास असलेला माणूस वर्षानुवर्षं आठवड्यातले सहा दिवस मैदानावर काढतो, आगगाडीने रात्रीचा प्रवास करून दुसऱ्या गावी पोहोचतो, सकाळी परत गोलंदाजी. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेचे दौरे म्हणजे आठवडेच्या आठवडे बोटीवर. त्या काळी यावर धड औषधही नव्हतं. आणि तरी तो चार दौऱ्यांवर गेला. लॉर्ड्सला एकदा बसला त्याचं आश्चर्य वाटत नाही, एकदाच बसला याचं वाटतं.

पायचीत

@सिलीपॉइंट, न झाकलेल्या खेळपट्टीचा मुद्दा मान्य, पण तो सगळ्यांनाच लागू होतो ना? ऱ्होड्सची प्रथम श्रेणीतली सरासरी १६.७२, ब्लाईथची १६.८१. त्याच खेळपट्ट्या, तेच फलंदाज, आणि दोघांमध्ये फरक नसल्यातच जमा. म्हणजे ऱ्होड्स महान असेल तर हाही त्याच पंगतीतला. शिवाय भिजल्या खेळपट्टीवर नुसतं उभं राहून बळी मिळत नसत. नॉर्थम्प्टनला त्याच खेळपट्टीवर दुसऱ्या टोकाकडून टाकणाऱ्यांना मिळून तीनच मिळाले की!

दुसरं, तो कोरड्या, टणक खेळपट्ट्यांवरही गेला होता. डिसेंबर १९०१, सिडनी. यॉर्कशायरने हर्स्ट आणि ऱ्होड्सला दौऱ्यावर सोडायला नकार दिला, म्हणून इंग्लंडचा कप्तान मॅकलॅरनने ब्लाईथला नेलं. त्या कसोटीत तिघांनी पदार्पण केलं: ब्लाईथ, लेन ब्राउंड आणि लँकेशायर लीगमधून उचललेला सिडनी बार्न्स. ब्लाईथने २६ धावांत ३ आणि ३० धावांत ४ घेतले, इंग्लंड डावाने जिंकलं. पुढे मालिका ४-१ अशी गमावली, ते वेगळं.

शंभरापैकी ४१ बळी ऑस्ट्रेलियाचे आहेत, नऊ कसोटींत. ट्रंपर, हिल, डफ, आर्मस्ट्राँग यांच्या ऑस्ट्रेलियाचे.

@अंजनीताई, खरंय. त्या काळच्या लिखाणात हा विषय आडवळणाने येतो, 'नाजूक प्रकृती' वगैरे. त्यामुळे बरीच वर्षं लोकांचा समज झाला की हा माणूस घाबरट होता. कसोटीत दोनदा डावात ७ आणि एकदा ८ घेणारा घाबरट!

बापू मैदानवाले

मंडळी, केंट म्हटलं की मला एकच माणूस आठवतो, लॉर्ड हॅरिस. १८९० ते १८९५ आपल्या मुंबई इलाख्याचा गव्हर्नर. शाळकरी पोरांची हॅरिस शील्ड याच्याच नावाची, जिच्यात १९८८ साली सचिन-कांबळीने नाबाद ६६४ ची भागी केली. मुंबईत याचं नाव क्रिकेटसाठी गोड आणि कारभारासाठी कडू. १८९३ ची दंगल पेटली तेव्हा हे लाटसाहेब पुण्यात, गणेशखिंडीत होते, आणि परत यायला दिवस लावले म्हणून त्यांच्यावर सडकून टीका झाली होती.

हाच माणूस परत जाऊन केंट क्रिकेटचा सर्वेसर्वा झाला. आणि तिथे मात्र त्याच्याबद्दल वेगळं बोललं जातं. प्रोफेशनल खेळाडूला उन्हाळ्यात मॅचचे पैसे आणि हिवाळ्यात उपाशी, हा तेव्हाचा रिवाज. केंटमध्ये हिवाळ्यातही पगार मिळण्याची सोय झाली ती हॅरिसच्या काळात. टनब्रिजच्या शाळेमागेही त्याच मंडळींचं पाठबळ. म्हणजे डेप्टफर्डचा कामगार पोरगा क्रिकेटवर घर चालवू शकला ते याच्यामुळे. माणसं अशी दोन तोंडांची असतात, काय करणार.

अर्थात मेहरबानी ती मेहरबानीच. कप्तान हौशी, म्हणजे पैसेवाल्या घरचा. मार्शम काय, डिलन काय. चार विजेतेपदं या दोघांच्या नावावर, हजारो चेंडू ब्लाईथच्या बोटांवर.

आणि पायचीत, डावखुरी फिरकी, तो काळ आणि इंग्लंड म्हणता, तर आपला पळवणकर बाळू कसा काय राहिला लेखातून? १९११ च्या उन्हाळ्यात पतियाळाच्या महाराजांचा हिंदी संघ इंग्लंडला गेला. बाळूने त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. पुण्याच्या युरोपियन जिमखान्यात खेळपट्टी राखायला चार रुपये पगारावर असलेला माणूस. जे. जी. ग्रेग साहेबाला नेटमध्ये तासन्‌तास चेंडू टाकून तयार झालेला. (हा ग्रेगही रजेवर गेला की हॅम्पशायरकडून काउंटी खेळायचा.) बाळूला तेव्हा हिंदुस्थानचा ऱ्होड्स म्हणत.

तो उन्हाळा म्हणजे इंग्लंडात ऱ्होड्स, ब्लाईथ, डेनेट आणि आपला बाळू, चौघेही डावखुरे, चौघेही एकाच वेळी खेळत होते. मला टाइम मशीन मिळालं तर १९११.

खडूस दादरकर

बापू, नुसता बाळू नाही. त्याच दौऱ्यात त्याच्या भावाने, शिवरामने, सॉमरसेटविरुद्ध नाबाद ११३ काढून एका विकेटने सामना जिंकून दिला होता. चर्मकाराची पोरं म्हणून पुण्यात चहाच्या वेळी ज्यांना मैदानाबाहेर मातीच्या भांड्यात चहा दिला जायचा, ती तिथे काउंटी संघांना हरवत होती.

हौशी आणि प्रोफेशनल यांची वेगळी ड्रेसिंग रूम, वेगळं फाटक, धावफलकावर नावापुढे आद्याक्षरं की मागे, असला इंग्लंडचा भेद आणि आपला भेद एका मापाने मोजू नका एवढंच सांगतो. ब्लाईथला कप्तानाशेजारी बसायला मिळत नसेल, पण त्याने टाकलेला चेंडू उचलायला कुणी विटाळ मानला नाही.

बापू मैदानवाले

दादरकर, सोळा आणे.

केंटवासी

बऱ्याच दिवसांनी लॉगिन झाले ते या धाग्यासाठी. आम्ही कँटरबरीपासून जवळच राहतो. सेंट लॉरेन्स मैदानावर आत शिरलात की ब्लाईथचं स्मारक दिसतं, युद्धात गेलेल्या केंटच्या इतर खेळाडूंचीही नावं त्यावर आहेत. मैदान तुम्हाला माहीत असेल ते सीमारेषेच्या आत उभ्या असलेल्या लिंबाच्या झाडामुळे (आपलं कडुलिंब नव्हे, तिकडचं लाइम ट्री). चेंडू झाडाला लागला की चौकार. ते झाड २००५ च्या वादळात पडलं, आता नवं लावलंय.

इथे ब्लाईथ सगळ्यांना ठाऊक आहे तो एका चित्रामुळे. आल्बर्ट शेव्हालिए टेलर नावाच्या चित्रकाराने १९०६ च्या विजेतेपदानिमित्त केंट विरुद्ध लँकेशायर, कँटरबरी, असं मोठं तैलचित्र काढलं. ब्लाईथ चेंडू टाकतोय, समोर जॉनी टिल्डस्ले. गोलंदाज म्हणून ब्लाईथच हवा असा आग्रह बापूंच्या त्याच लॉर्ड हॅरिसचा. २००६ साली केंटने ते चित्र विकलं, सुमारे ६ लाख ८० हजार पौंड आले. आता ते लॉर्ड्सला असतं. क्लबला पैशांची गरज होती हे समजतं, पण इथल्या जुन्या सभासदांना अजून बोचतं.

टिल्डस्लेवरून एक गोष्ट. १९०६ च्याच जूनमध्ये मँचेस्टरला ब्लाईथ जायबंदी म्हणून खेळला नाही. त्याच्या जागी एकोणीस वर्षांच्या एका पोराला पहिल्यांदा घेतलं. त्याने टिल्डस्लेचे झेल सोडले, टिल्डस्लेने नाबाद २९५ काढल्या. पोराला शंभरावर धावा देऊन एक बळी मिळाला आणि पहिल्या डावात भोपळा. दुसऱ्या डावात मात्र ६४ केल्या. पोराचं नाव फ्रँक वूली. पुढे जवळपास ५९ हजार धावा आणि दोन हजारांवर बळी. वूलीही डावखुरा फिरकीवाला. केंटकडे मग दोन्ही टोकांनी डावखुरी फिरकी चालायची आणि दोघांचीही वेगळी.

सिलीपॉइंट

केंटवासीताई, झकास माहिती.

माझा मूळ मुद्दा सोडत नाही. पायचीत म्हणतात ब्लाईथ ऱ्होड्सच्या पंगतीतला. मग १९१० नंतर निवड समितीने त्याला का घेतलं नाही? नुसती प्रकृती? १९११-१२ चा ऑस्ट्रेलिया दौरा बार्न्स आणि फॉस्टरने ४-१ जिंकून दिला, म्हणजे त्याची गरजच पडली नाही. फलंदाजी तर औषधाला नव्हती, प्रथम श्रेणीत सरासरी दहाच्याही आत. ऱ्होड्स अकराव्या नंबरावरून सलामीला पोहोचला. मीही संघ निवडला असता तर ऱ्होड्सच घेतला असता.

पायचीत

संघ निवडायचा म्हणाल तर मीही बहुधा ऱ्होड्स घेईन. पण 'ऱ्होड्सने ब्लाईथला बाहेर ठेवलं' हे जे सरसकट म्हटलं जातं ते तपासून बघा. ब्लाईथची शेवटची कसोटी, केपटाउन १९१०. त्या सामन्यात ऱ्होड्सही होता. काय करत होता? हॉब्जबरोबर सलामीला येऊन २२१ ची भागी. हॉब्ज १८७, ऱ्होड्स ७७. आणि गोलंदाजीत दहा बळी ब्लाईथचे. म्हणजे तोवर दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या होत्या. त्या काळात ऱ्होड्स कसोटीत फिरकी टाकायचा ती चवीपुरती. १९१२ ला मेलबर्नला हॉब्ज-ऱ्होड्सने ३२३ ची सलामी दिली तेव्हा तो पक्का फलंदाजच होता.

तेव्हा जागा होती. ब्लाईथला ती घेणं झेपत नव्हतं, किंवा घ्यायची नव्हती. मला दुसरं जास्त पटतं. १९१० ते १९१४ त्याची केंटमधली आकडेवारी बघितली की हा मोडलेला माणूस वाटत नाही. १९१४ मध्ये, पस्तिशीत, १७० बळी, सरासरी १५ च्या आसपास. स्वतःला काय झेपतं हे त्याला कळलं होतं आणि त्याने तेवढंच केलं. आजचा एखादा खेळाडू 'मी फक्त इतकेच प्रकार खेळणार' असं सांगतो तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. ब्लाईथने ते शंभर वर्षांपूर्वी गाजावाजा न करता केलं.

अंजनी के.

हे मला पटतंय. फक्त 'घ्यायची नव्हती' आणि 'झेपत नव्हती' यात फिट्स येणाऱ्या माणसासाठी फार अंतर नसतं.

युद्धाचं कुणी लिहिलंच नाही. एवढी प्रकृती नाजूक, तरी भरती कसा झाला?

केंटवासी

अंजनी, तो ऑगस्ट १९१४ मध्येच भरती झाला, केंटच्या किल्लेरक्षक इंजिनिअर तुकडीत. एकटा नाही, केंटचे आणखीही खेळाडू त्याच तुकडीत होते. सार्जंट झाला. बराच काळ इंग्लंडातच होता, १९१७ ला यॉर्कशायरच्या एका पायदळ पलटणीला जोडून बेल्जियमला पाठवला. ही पलटण लष्करी रेल्वेचे रूळ टाकायचं, दुरुस्त करायचं काम करी. ८ नोव्हेंबर १९१७ ला पाशेंडाल गावाच्या जवळ रुळांवर काम चालू असताना तोफगोळा फुटला. वय ३८. इप्रजवळच्या ऑक्सफर्ड रोड सिमेट्रीत त्याला पुरलंय. २००९ साली अ‍ॅशेसच्या आधी स्ट्रॉसचा इंग्लंड संघ तिथे गेला होता, त्यांनी दगडाचा एक चेंडू ठेवला.

केंटचा केनेथ हचिंग्ज, १९०६ च्या संघातला देखणा फलंदाज, वर्षभर आधीच, सप्टेंबर १९१६ मध्ये, फ्रान्समध्ये गेला होता.

पायचीत

त्यात एक भर. युद्ध संपल्यावर काउंटी खेळायचं नाही असं ब्लाईथने आधीच ठरवलं होतं. ईटनच्या शाळेत प्रशिक्षकाची नोकरी पक्की झाली होती. म्हणून 'युद्धाने कारकीर्द संपवली' असं मी लिहिलं नाही, ती संपवायचं त्याने स्वतःच ठरवलं होतं. युद्धाने घेतला तो पुढचा मास्तर. १९२० पासून ईटनला पोरांना शिकवायला आला तो जॉर्ज हर्स्ट, एजबॅस्टनला ज्याने याच्याबरोबर वीस बळी वाटून घेतले तोच.

खडूस दादरकर

आणि केंटचं काय झालं? १९१३ नंतर चॅम्पियनशिप परत कधी मिळाली?

पायचीत

१९१९ ला दुसरा नंबर. मग थेट १९७०. सत्तावन्न वर्षं. आणि १९७० च्या संघात कोण होता बघा, अंडरवूड. डावखुरा फिरकीवाला आल्याशिवाय केंटला विजेतेपद मिळालं नाही असं म्हणायला वाव आहे.

सिलीपॉइंट

वाव अजिबात नाही! मधल्या काळात टिच फ्रीमन होता. लेगस्पिनर, केंटसाठी ब्लाईथपेक्षाही जास्त बळी घेणारा एकमेव माणूस. १९२८ च्या एका मोसमात ३०४ बळी. तीनशे चार! तरी त्या वर्षी लँकेशायर पहिलं आणि केंट दुसरं. शिवाय डावखुरी फिरकी टाकणारा वूली तेव्हा संघात होताच. बळी घेणारे केंटकडे कमी नव्हतेच कधी, फ्रीमनला दुसऱ्या टोकाने साथ देणारा जलद गोलंदाज नव्हता. १९०६ ला ब्लाईथच्या जोडीला आर्थर फील्डर हा जलद गोलंदाज होता, ज्याने त्याच वर्षी लॉर्ड्सवर जंटलमेनविरुद्ध (हौशी खेळाडूंच्या संघाविरुद्ध) डावातले दहाच्या दहा घेतले. लेखात फील्डरचं नाव एकदाही नाही, हे पायचीतना शोभत नाही. फील्डरवर धागा काढा, मग अंडरवूडचं बघू.